हुल्दा घरी होती

आमच्या बिऱ्हाडातली सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असं कोणी विचारलं असतं तर आईनं शब्बाथचा काचेचा दिवा दाखवला असता आणि पप्पांनी निळी फाइल. दिवा अलिबागेहून दोन लुगड्यांत गुंडाळून बोटीनं आला होता. फाइल इथेच घेतलेली, आणि ती महिन्यागणिक जाड होत होती. जर्मनीत प्रत्येक गोष्टीची बेशायनिगुंग लागायची, म्हणजे दाखला. खोली भाड्यानं घेतल्याचा दाखला, पोलिसांत नाव नोंदवल्याचा, देवी टोचल्याचा, मी शाळेत जाते याचा. पप्पा म्युनिकच्या तंत्र-विद्यापीठात डॉक्टरेट करत होते, पण काँक्रीटपेक्षा जास्त वेळ त्यांचा शिक्के मिळवण्यात जायचा असं आई म्हणायची. ह्या देशात माणूस मेला तरी दाखला हातात पडेपर्यंत त्याला जिवंतच राहावं लागत असेल, हेही तिचंच. पप्पा हसायचे आणि कागदांना भोकं पाडून ते नीट ओवायचे. स्वभावानं ते तसेच होते. शिक्क्यापुढे त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

आम्ही राहायचो उंटरश्लाइसहाइमला. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि पुण्याची पोरं गळ्यात ओळखपत्रं अडकवून जेवणाच्या सुट्टीत समोसे शोधत फिरतात. तेव्हा तिथे स्टेशन होतं, चर्च होतं आणि बाकी बटाटे होते. पहाटे दुधाच्या कॅनांचा खणखणाट, मग चर्चची घंटा, मग खालच्या मजल्यावर घरमालकीण फ्राऊ हुबर शेगडीतली राख खरवडायच्या तो आवाज. ही खोली आईनं एका मिनिटात पसंत केली होती. मोरी सामाईक होती, भिंतीला ओल होती, पण दारावरच्या पाटीवर घरमालकिणीचं नाव होतं: हुल्दा हुबर. आईला वाटलं, बाई आपल्यातलीच आहे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकरवी विचारलं, तुमचं नाव शास्त्रातल्या हुल्दा संदेष्ट्रीवरून ठेवलं का? फ्राऊ हुबर पक्क्या कॅथलिक. त्या म्हणाल्या, नाही, डुकरं पाळणाऱ्या आत्यावरून. आईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शकुन तो शकुन.

हुल्देचं वेड आईला रूथमावशीकडून आलेलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या वाडवडिलांना गावात शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बैलाला नि स्वतःला सुट्टी द्यायचे. आमच्यात शास्त्रातल्या गोष्टींची कीर्तनं होत, मराठीत, झांजा नि पेटीसह. रूथमावशी, आईची सख्खी मावशी, बायकांत कीर्तन करायची आणि निवडून निवडून बायकांचीच आख्यानं लावायची. समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन पुढे झालेली मिर्याम. ताडाच्या झाडाखाली बसून निवाडे देणारी दबोरा, जिच्यावाचून सेनापती लढाईला जायला तयार नव्हता. पण आईला खरी आवडायची ती हुल्दा. योशीया राजाच्या काळात मंदिराची डागडुजी चालू असताना भिंतीत एक जुना ग्रंथ सापडला. खरा की खोटा, कोणाला ठाऊक? राजानं मुख्य याजक, चिटणीस असे बडे लोक पाठवले, आणि ते कोणाकडे गेले, तर राजाचे कपडे सांभाळणाऱ्या माणसाच्या बायकोकडे. तिच्या घरी. आई कणीक मळताना हे गुणगुणायची, तिच्या हाताच्या ठेक्यावर:

पोथी सापडे मंदिरात, राजा पडला विचारात,
जा रे विचारा हुल्देस, बसली आपुल्या घरात.

मला तेव्हा ह्या गाण्याचा कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. मी बारा वर्षांची होते, शाळेतल्या मुलींसारखी वेणी घालायला शिकत होते, आणि आईनं जिन्यात गाऊ नये एवढीच माझी इच्छा असायची.

प्रार्थनेसाठी आम्ही गाडीनं म्युनिकला जायचो. शहराच्या कडेला, एका छापखान्याच्या मागच्या अंगणात, आठ-दहा कुटुंबांनी मिळून एक खोली घेतली होती. कुटुंबं म्हणायचं एवढंच. महायुद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती, बहुतेक जण एकटे होते, आणि एकटे का हे विचारायचं नसतं, हे मला आईनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मध्ये एक चौकडीचा पडदा. पडद्यापुढे पुरुष, मागे आम्ही बायका, म्हणजे मी, आई आणि फ्राऊ गोल्ड. दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही, त्यामुळे दर वेळी मोजणी व्हायची. ती करायचे हेर, म्हणजे श्रीयुत, रोझेनफेल्ड, त्या खोलीचे कारभारी. उंच, फिकट, नेहमी इस्त्रीतले. दारात उभे राहून ते ओठांतल्या ओठांत मोजायचे. बायका त्या मोजणीत नसायच्या.

फ्राऊ गोल्ड पूर्वेकडच्या कुठल्याशा गावातल्या. तिथे त्यांच्या आईचं काम म्हणजे बायकांच्या दालनात प्रार्थना सांगणं; ज्यांना वाचता येत नसे त्या बायका तिच्यामागून म्हणायच्या. फ्राऊ गोल्डना सगळं तोंडपाठ होतं. पडद्याआडून त्या पुरुषांच्या चुका बोटांवर मोजायच्या आणि मला बोटं दाखवायच्या. राबाय, म्हणजे धर्मगुरू, नव्हताच, त्यामुळे काही अडलं की पुरुष कोणाकडे जात होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा मी फ्राऊ गोल्डच्या घरी गेले होते तर दारात खुद्द हेर रोझेनफेल्ड उभे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोंबडीची आतडी. ती कोंबडी धर्मानं चालेल की टाकायची, हे विचारायला आले होते. फ्राऊ गोल्डनी खिडकीशी नेऊन पाहिलं, म्हणाल्या चालेल, आणि ते टोपी काढून आभार मानून गेले.

आता आईची चूक. चूक म्हणजे आमच्या हिशेबानं चूक नव्हतीच. पप्पांचा प्रबंधाचा विषय मंजूर झाला आणि आईनं बोललेला नवस फेडायचं ठरवलं: एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलीया संदेष्ट्याचा, मलिदा. आमच्याकडे बारशापासून परीक्षेपर्यंत सगळ्याला मलिदा लागतो. गोड पोहे, खोबरं, वेलची, भोवती पाच फळं, सुवासिक पानं, आणि ऊद. पोहे जर्मनीत कुठले मिळायला. आईनं फ्राऊ हुबरकडचे हाफरफ्लोकेन, म्हणजे ओटचे पोहे, भिजवले, त्यात सुकं खोबरं नि साखर घातली, चाखून म्हणाली, एलियाहू रानात कावळ्यांनी आणलेलं खायचा, त्याला हे चालेल. एका रविवारी सकाळी ताट मी गाडीतून मांडीवर घेऊन गेले. खोलीत शिरताना आईनं ऊद पेटवला. धूर, फळं, मधोमध पांढरा ढीग, मागे पातळ नेसलेली, कपाळापर्यंत पदर घेतलेली बाई. सगळे मागे सरले. हेर रोझेनफेल्डनी शांतपणे विचारलं, हे कोणत्या देवासाठी आहे?

त्यांना एलियाहू माहीत होता, पण तो वल्हांडणाच्या जेवणात त्याच्या नावानं भरून ठेवतात त्या पेल्यातला. ताटातला त्यांनी पाहिला नव्हता. पप्पांनी समजावलं, जरा जास्तच वेळ समजावलं. मग हेर रोझेनफेल्ड अगदी सभ्यपणे म्हणाले, हो, हो, पण तुम्ही ज्यू आहात याची मुंबईहून एखादी बेशायनिगुंग आणाल का? ती येईपर्यंत तुम्ही बसा, पण मी तुम्हाला मोजणार नाही.

मलिदा आम्ही परत घरी आणला आणि तीन दिवस खाल्ला. पप्पांनी मुंबईच्या आमच्या मंडळींना पत्र लिहिलं, आणि मला वाटतं मनातून त्यांना ते फारसं गैर वाटलं नव्हतं. एक दाखला अजून, फाइलीत एक भोक अजून. आईचं तसं नव्हतं. अलिबागेला दोन हजार वर्षं आम्हाला कोणी विचारलं नाही, तेली म्हणाले पण विचारलं नाही, असं ती भांडी घासता घासता म्हणायची, आणि भांड्यांचे हाल व्हायचे. मला मात्र आईचाच राग आला होता. ऊद तिनं पेटवला होता. ताट माझ्या हातात होतं, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. तिला हे मी बोलून दाखवलं. ती म्हणाली, लेआ, आपण चोरी केली नाही, मलिदा केला. आज माझ्या नातवंडांना मी हे वाक्य ऐकवते. त्यांना मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि उत्तर बहुधा असं असतं की ओमा, हे तू मागच्या वेळी पण सांगितलंस.

पत्राचं उत्तर यायच्या आत तार आली. आजोबा गेले होते, पप्पांचे वडील. पप्पा तार हातात घेऊन शेगडीपाशी उभे राहिले, आणि आईनं ती काढून घेईपर्यंत तसेच उभे होते. सुतकाचे सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. फ्राऊ हुबर रोज गरम पाण्याची किटली वर आणून ठेवायच्या. वडील गेले की मुलानं कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायचं असतं. ते दहा पुरुषांच्या समक्षच म्हणता येतं, एकट्यानं नाही. आजोबांना पप्पा एकुलते एक. बोटीवर चढताना आजोबांनी एकच मागितलं होतं: मी गेलो तर माझ्यासाठी तेवढं म्हण, जिथे असशील तिथे. सात दिवसांत पप्पा हेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिले, कधी आईला, कधी भिंतीला.

आठवा दिवस रविवार होता. आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. बाहेर बर्फाचा चिखल होता, आणि त्यामुळेच असेल, माणसं कमी आली. हेर रोझेनफेल्ड दारात उभे राहिले, मोजलं, घड्याळ पाहिलं, अंगणात जाऊन आले, पुन्हा मोजलं. पडद्याच्या फटीतून मीही मोजत होते. नऊ. आणि पप्पा. पप्पा भिंतीशी हातात टोपी फिरवत उभे होते. ती टोपी डोक्यावर असायला हवी होती, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. अर्धा तास असा गेला. मग हेर रोझेनफेल्डनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, तर मग, नऊच आहेत, आज होणार नाही. पप्पांनी मान हलवली. शिक्का नाही म्हटल्यावर खिडकीपुढून ते नेहमी मान हलवून मागे सरत, अगदी तशी.

त्या मान हलवण्यानं माझा आईवरचा सगळा राग जागच्या जागी उडाला आणि दुसरीकडे वळला.

आईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "चल. मी बोलते, तू जर्मनमध्ये सांग. गाळायचं काही नाही." आणि तिनं पडदा सरकवला. ओलांडला नाही, पडद्याच्या रेषेवरच उभी राहिली. पप्पा हळूच म्हणाले, अगं, राहू दे. ती म्हणाली, अहो, तुम्ही जरा थांबा. आणि गाऊ लागली. त्या खोलीत, नऊ परक्या पुरुषांपुढे, पोथी सापडे मंदिरात. मला जिन्यातही नको असलेलं गाणं. मग ती थांबली आणि मी भाषांतर केलं. मग गोष्ट, वाक्यामागून वाक्य. माझी जर्मन शाळकरी होती, मंदिराची डागडुजी मी छपराची दुरुस्ती म्हणून सांगितली असेल, पण गाळलं काही नाही. आईनं विचारलं, यिर्मयासारखा मोठा संदेष्टा तेव्हा होता ना? मग राजाची माणसं बाईच्या दारी का गेली?

हेर रोझेनफेल्ड विद्वान गृहस्थ होते. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, जुने पंडित सांगतात की बायका कनवाळू असतात, म्हणून गेले.

"कनवाळू?" आई म्हणाली. "तिनं काय निरोप दिला ते वाचा. ह्या जागेवर अरिष्ट येणार, असं तोंडावर सांगितलं तिनं राजाला. ह्यात कनवाळूपणा कुठला? तिला वाचता येत होतं म्हणून गेले. आणि परगावाहून दाखला येईपर्यंत थांबले नाहीत." मी हे सांगेपर्यंत तिनं मागे वळून फ्राऊ गोल्डकडे हात केला. "तुमच्या खोलीतही एक आहे. कोंबडी घेऊन जाता ना तिच्या दारी? मग माझ्या नवऱ्याचं विचारा."

कोंबडीचं मी सांगावं की नाही, असा क्षणभर विचार केला. मग सांगितलं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा खोकला, आणि मला आजही खात्री आहे की तो खोकला नव्हता, हसू होतं.

फ्राऊ गोल्ड उठल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पप्पांना नाही, आईलाही नाही, मला प्रश्न विचारले. मासे कोणते खाता? मी म्हटलं, ज्यांना खवले आणि पर असतात ते. आमच्या शेजारचा सगळा कोकण कोळंबी नि खेकड्यांवर जगतो, आमच्या घरात ती कधी शिजली नाहीत. मटण आणल्यावर काय करता? अर्धा तास पाण्यात, मग मीठ चोळून उतरत्या फळीवर तासभर, मग तीनदा धुवायचं. कणकेचं काय करता? शुक्रवारी त्यातला एक गोळा काढून विस्तवात टाकते आई. हे तुला कोणी शिकवलं? आईनं. तिला? रूथमावशीनं. आणि तुझ्या आईला काही अडलं तर? हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, मावशीला विचारायची, आता तुम्हाला विचारीन.

हेर रोझेनफेल्ड म्हणाले, हा स्वयंपाकघराचा प्रश्न नाही, कागदाचा आहे.

"मला एकदा असा कागद मिळाला होता," फ्राऊ गोल्ड म्हणाल्या. "मी ज्यू आहे असं लिहिलेला. छापील, शिक्क्यासकट. देणारे माझे कोणी लागत नव्हते." त्या एवढंच बोलल्या, आणि खोलीतल्या नऊ जणांपैकी एकानंही मान वर केली नाही. मग त्यांनी काठी टेकली. "ह्या माणसाला मी मोजते. ज्याला मोजायचं नसेल त्यानं घरी जावं. मग तुम्ही आठ उराल आणि प्रश्नच मिटेल."

कोणी गेलं नाही. हेर रोझेनफेल्ड बराच वेळ पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. मला त्यांचा तेव्हा फार राग होता, आता नाही. दारं राखून राहिलेली माणसं होती ती, आणि त्यांच्या दारातून काय काय शिरून गेलं होतं हे मला बाराव्या वर्षी कुठून कळणार. त्यांनी पुस्तक उघडलं, पान काढलं, आणि पप्पांच्या हातात दिलं. म्हणाले, टोपी घाला.

पप्पांनी कद्दिश म्हटलं. आमच्या चालीत, जी थेट अलिबागेची. त्या लोकांना ती कुठल्या कुठली वाटली असेल, पण योग्य जागी सगळे आमेन म्हणाले. मी पडद्याआडून म्हणाले, आई म्हणाली, फ्राऊ गोल्ड सर्वांत मोठ्यानं म्हणाल्या. आई मग खुर्चीत बसली आणि मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. परत जाताना गाडीत पप्पा एकच वाक्य बोलले. ऊद पण पेटवायला हवा होतास, म्हणाले. आई हसली, मग रडली.

पण मी खूश नव्हते. दोन बायका आणि एक पोर, आमच्या शब्दावर पप्पा दहावे झाले, आणि आम्ही तिघी शून्याच्या शून्य. मी हे फ्राऊ गोल्डना विचारलं, पुढच्या आठवड्यात, त्यांच्या स्वयंपाकघरात. आईनं ओटचा मलिदा पाठवला होता आणि त्या तो चमच्यानं, डोळे मिटून खात होत्या. तुम्हाला कोण मोजतं, मी विचारलं. त्यांनी बशी पुसून खाल्ली. म्हणाल्या, हुल्देला कोणी मोजलं नव्हतं, पण तिच्या दाराशी आले, तेव्हा ती घरी होती आणि तिला वाचता येत होतं. मग त्यांनी फडताळातून एक पुस्तक काढलं, माझ्यापुढे उघडलं, आणि म्हणाल्या, हे पहिलं अक्षर. दर गुरुवारी शाळेनंतर ये. मी पाच वर्षं गेले. पुढे चाळीस वर्षं मी हिब्रू शिकवलं, मुलांना आणि मुलींना, आणि दहांच्या मोजणीत बायका असाव्यात यासाठी जिथे भांडता आलं तिथे भांडले. काही ठिकाणी जिंकले. काही ठिकाणी अजून पडदा आहे.

मुंबईचं पत्र तीन महिन्यांनी आलं. हेर रोझेनफेल्डच्या नावावर, जाड पाकीट, मागे लाखेचा शिक्का. मी त्या दिवशी फ्राऊ गोल्डकडे धडा म्हणत बसले होते. बेल वाजली. दारात हेर रोझेनफेल्ड, हातात टोपी, दुसऱ्या हातात पाकीट, न फोडलेलं. ते म्हणाले, हे आलंय, आपण पाहता का? फ्राऊ गोल्डनी पाकीट घेतलं, शिक्का उलटा धरून पाहिला, आणि म्हणाल्या, मी सांगितलंय ना. हेर रोझेनफेल्ड म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, आणि जिना उतरून गेले.

पाकीट फ्राऊ गोल्डनी मला दिलं. मी ते घरी नेलं, आणि पप्पांनी, माझ्या पप्पांनी, ते फाइलीला लावलं नाही. म्हणाले, तूच ठेव. ते आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, आईच्या काचेच्या दिव्याशेजारी. धाकटी नात परवा विचारत होती, आत काय लिहिलंय. मी तिला म्हटलं, ठाऊक नाही. उघडलं नाहीस कधी? नाही. कोणीच नाही. तिनं ते हातात घेतलं, लाखेवर बोट फिरवलं, आणि मग पाकिटावरच्या पत्त्याखालची हिब्रू ओळ, अडखळत, उजवीकडून डावीकडे, एक अक्षर न चुकता वाचून दाखवली.